हिवाळी शिबिराला निघालात? या चुका टाळा

सत्र परीक्षा संपल्या की कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेची धावपळ सुरू होते. शंभरांच्या युनिटमधून पन्नास जण निवडायचे, दत्तक गावच्या शाळेत सात दिवस मुक्काम ठोकायचा, परतल्यावर अहवाल द्यायचा. वर्षाचे सेवेचे १२० तास सवडीने भरता येतात, पण शिबिरात घोळ झाला तर निस्तरायला आठवा दिवस नसतो. कार्यक्रम अधिकारी म्हणून मी अकरा शिबिरं नेली. पोरं दरवर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच. त्यातल्या दोन-तीन खुद्द माझ्या.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळू भरलेल्या गोण्या रचून ओढ्याचं पाणी अडवणारी कच्ची भिंत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या फुकट मिळतात, पन्नास जोडी हात असतात आणि फोटो झकास येतो, म्हणून प्रत्येक शिबिराला बंधारा हवाच असतो. पण हा बंधारा ओढा वाहता असताना, पावसाळा सरता सरता घालायचा. आपली शिबिरं परीक्षा उरकून डिसेंबरअखेर नाहीतर जानेवारीत. ओढा काही विद्यापीठाचं परिपत्रक वाचत नाही.

जुन्नर तालुक्यातल्या एका गावात मी हेच केलं. ऑक्टोबरात पाहणीला गेलो तेव्हा गुडघाभर पाणी होतं. मोटारसायकलवरून न उतरता पुलावरूनच जागा ठरवली. शाळेजवळ, रस्त्यालगत, उद्घाटनाची गाडी थेट पोचेल अशी. जानेवारीत पोरांना घेऊन उतरलो तर बोटभर धार. तरी हट्टाने तीनशे गोण्या भरल्या. लवकर उरकावं म्हणून पोरांनी त्या तोंडापर्यंत ठासल्या. अशी गोणी लोडासारखी गोल होते, शेजारच्या गोणीला चिकटत नाही, मधल्या फटीतून पाणी पळतं. दोन तृतीयांशच भरायची, दाभणाने तोंड शिवायचं, रचताना बडवून विटेसारखी चपटी करायची आणि वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. आम्ही तर तळातली वाळूही उपसली नव्हती. पाचव्या दिवशी नारळ फुटला. सहाव्या दिवशी सकाळी पाहतो तर दोन्ही बाजूंना पाणी सारखंच.

काठावर एक आबा म्हैस धूत होते. म्हणाले, "मास्तर, भिंत झ्याक झालीया. पर पाणी खालनं चाललंय न्हवं."

मग त्यांनीच दोनशे पावलं वर नेलं. तिथं ओढा अरुंद, दोन्ही काठ उंच, तळाला खडक. त्यांचे वडील दरवर्षी तिथंच मातीचा बांध घालायचे. आठवडाभर हा माणूस रोज आमच्यासमोर म्हैस धूत होता आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, मीही नाही. उरलेल्या दीड दिवसात निम्म्या गोण्या डोक्यावरून वर नेल्या, खडक लागेपर्यंत तळ खरवडला, गोण्यांच्या दोन रांगांमध्ये काळी माती तुडवून भरली, जादा पाणी वरून जावं म्हणून मधला भाग थोडा खाली ठेवला. निघताना घोटाभर पाणी साठलं होतं. फेब्रुवारीत गेलो तेव्हा म्हशी डुंबत होत्या.

तेव्हापासून जागा ठरवायला मी एक म्हातारा माणूस आणि ओढ्यावर धुणं धुणारी एक बाई, दोघांना सोबत घेऊन ओढा पायी चालतो. धार नसेल तर बंधाऱ्याचं नाव काढत नाही. पोरं हिरमुसतात, हिरमुसू देत.

दुसरी चूक सर्वेक्षणाची. चाळीस प्रश्नांचा फॉर्म, तोही कुठून तरी उचललेला, आता तर मोबाइलवरच. सकाळी अकराला गटागटाने घरोघर जायचं. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळी कांद्याची लागवड चालू असते. अकराला घरी असतात ती पाळण्यातलं पोर आणि त्याला झोका देणारी आजी. मग आमचे शहाणे पारावर बसून फॉर्म 'पूर्ण' करतात. एका गटाच्या सलग बारा घरांत पाच-पाच माणसं आणि दोन-दोन एकर जमीन निघाली, तेव्हा मला संशय आला. पकडल्यावर उत्तर काय, तर "सर, ॲव्हरेज तेवढंच असतं." ग्रेस मार्कांसाठी आलेली पोरं मला लांबूनच ओळखू येतात, पण त्या दिवशी सगळ्यात हुशार मुलगा यात होता, त्याचं जास्त वाईट वाटलं.

माझी सवय अशी: प्रश्न दहाच. पहिला प्रश्न पाण्याचा, उत्पन्नाचा नाही. ओळख नसताना कमाई विचारणाऱ्याला तुम्ही तरी खरं सांगाल का? वेळ संध्याकाळची, माणसं दूध घालायला डेअरीवर येतात तेव्हाची. आणि एक अख्खी सकाळ कांदा लावायला जायचं. कंबर मोडते, पण वाफ्यात वाकून बसलेल्या बायका जेवढं बोलतात तेवढं कुठल्याच फॉर्ममध्ये मावत नाही.

जानेवारीत झाडं लावू नका. पुढं चार महिने पाणी कोण घालणार? खड्डे घ्या, ऊन खाऊ द्या, रोपं पावसात लावा.

सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात माती-वाळू टाकून तो 'भरला' असं म्हणू नका. तळाला मोठे दगड, वर लहान. विहिरीपासून लांब.

डोंगरावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले चर खणायचे तर आधी ए-फ्रेमने (ओळंबा लावलेली, इंग्रजी A सारखी लाकडी चौकट) रेघ आखा. नजरेने खणलेला चर पाणी मुरवत नाही, एका टोकाला पळवतो.

बुटांशिवाय श्रमदान नाही. चप्पल घालून कुदळ मारणारा पोरगा दुपारपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो.

दुपारच्या जेवणानंतर बौद्धिक ठेवू नका. वक्ता कितीही मोठा असो, पन्नासांतले चाळीस झोपतात आणि उरलेले दहा रील बनवतात.

स्वयंपाकाची पाळी मुलींच्याच गळ्यात टाकणारे गटप्रमुख मी पहिल्याच दिवशी बदलतो. पन्नास जणांच्या खिचडीला सहा किलो तांदूळ धरा. कुदळ मारून आलेली पोरं घरच्यासारखी जेवत नाहीत.

आणि गावातून मागून आणलेली भांडी पहिल्याच दिवशी मोजून वहीत लिहा, प्रत्येकावर कोरलेलं नाव वाचून. टेम्पो भरताना कुणालाच काही आठवत नाही. आमच्या विभागाच्या कपाटात एक मोठा पितळी झारा आहे, 'मारुती मंदिर, ग्रामस्थांकडून' असं कोरलेला. तीन वर्षं झाली. अकरांपैकी कुठल्या गावच्या मारुतीचा, ते अजून सापडलेलं नाही.