७-झिपनं फाइली झिप करायच्या, पाठवायच्या आणि नीट उघडायच्या कशा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातून टॉवेलची डिझाइनं मुंबईच्या पार्टीला पाठवायची असोत, की नवी पेठेतल्या दुकानाचा टॅलीचा डेटा सीएकडे द्यायचा असो, फोल्डर झिप करावं लागतंच, म्हणजे दाबून त्याची एकच फाइल करावी लागते. त्यासाठी ७-झिप पुरेसं आहे. इगोर पाव्हलोव यांचा हा प्रोग्राम १९९९ पासून फुकट मिळतो, धंद्यासाठी वापरला तरी पैसे पडत नाहीत आणि चाळीस दिवसांनी 'आता विकत घ्या' अशी खिडकीही येत नाही. दिसायला जुनाट आहे, एवढीच बहुतेकांची तक्रार.

आधी योग्य ठिकाणाहून घ्या

पत्ता ७-झिप डॉट ऑर्ग. ७ आणि झिपच्या मध्ये हायफन आहे आणि शेवटी 'ऑर्ग' आहे, 'कॉम' नाही. सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. मिळत्याजुळत्या नावाच्या साइटवरून भलतंच काही कॉम्प्युटरमध्ये शिरतं. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथं '६४-बिट' आणि 'एक्स६४' दिसलं तर त्याचीच फाइल घ्या. इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' नसतं, एकच बटण असतं. टूलबार वगैरे सोबत टाकायला विचारलं, तर ते ७-झिप नव्हे, तिथंच थांबा.

विंडोज ११ मध्ये राइट क्लिक केल्यावर ७-झिप दिसत नाही म्हणून अनेक जण ते पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करतात. ते 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत असतं. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की थेट जुना मेनू उघडतो.

झिप करताना

फोल्डरवर राइट क्लिक, ७-झिप, मग 'ॲड टू आर्काइव्ह'. खिडकीत बरेच रकाने दिसतात, पण आपलं काम तीन-चारांशीच.

आर्काइव्ह म्हणजे ही दाबलेली फाइल. तिचा प्रकार, म्हणजे 'आर्काइव्ह फॉरमॅट', समोरच्या माणसाकडे बघून ठरवा. त्याच्याकडे काय आहे माहीत नसेल तर झिप. ते कुठंही उघडतं. ७झेड हा ७-झिपचा स्वतःचा प्रकार जास्त दाबतो, पण जुन्या विंडोजवर वेगळा प्रोग्राम टाकल्याशिवाय उघडत नाही. म्हणून ७झेड स्वतःच्या बॅकअपसाठी ठेवा. रार हा आणखी एक प्रकार. तसली फाइल ७-झिप उघडतं, बनवत नाही.

'कॉम्प्रेशन लेव्हल' 'नॉर्मल'वर राहू द्या. 'अल्ट्रा'नं वेळ कितीतरी वाढतो, फरक बहुतेक वेळा किरकोळ पडतो. ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर तर मेमरी पुरत नाही असा एररही येऊ शकतो. किती मेमरी लागणार तो आकडा त्याच खिडकीत दिसतो. तो जास्त वाटला तर 'डिक्शनरी साइझ' कमी करा.

टॅलीचं फोल्डर झिप करण्याआधी टॅली बंद करा. चालू असताना उघड्या फाइली वगळल्या जातात आणि शेवटी फक्त वॉर्निंग येते. ती न वाचता खिडकी बंद केली की अर्धवट डेटा सीएकडे जातो.

काय लहान होतं, काय होत नाही

'झिप केलं तरी साइझ तेवढीच' ही तक्रार जवळजवळ नेहमी फोटोंबद्दल असते. जेपीजी फोटो, मोबाइलचे व्हिडिओ, एमपी३ हे आधीच दाबलेले असतात. त्यात आणखी टक्का-दोन टक्के निघाले तर निघाले. चादरींच्या कॅटलॉगचे दोनशे फोटो झिप करण्याचा फायदा एवढाच, की दोनशेऐवजी एकच फाइल जाते. तिथं लेव्हल 'स्टोअर' ठेवा, काम झटकन होतं.

जकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीच्या डिझाइनचं उलट आहे. २६८८ हूक (आडवे ठिपके) आणि ४००० पिक (आडवे धागे, म्हणजे उभे ठिपके) असलेली बीएमपी, म्हणजे न दाबलेली चित्राची फाइल, ८ बिटमध्ये साधारण पावणेअकरा एमबी होते, २४ बिटमध्ये ३२ एमबी. पण त्यात रंग मोजकेच आणि एकाच रंगाचे लांबच लांब पट्टे, त्यामुळे ती दाबून अगदी चिमुकली होते. उघडल्यावर एकही ठिपका इकडचा तिकडे झालेला नसतो. साइझ कमी करायला अशी बीएमपी जेपीजीत सेव्ह करणं मात्र महागात पडतं: कडांना नसलेले रंग येतात, आणि रंगाप्रमाणे वीण ठरत असल्यानं सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन पुन्हा साफ करत बसावं लागतं.

मेल आणि पेन ड्राइव्हसाठी तुकडे

जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणून 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स'च्या रकान्यात १८ आणि लगेच इंग्रजी एम टाका. .००१, .००२ असे तुकडे बनतात. घेणाऱ्यानं सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये, नावं न बदलता ठेवायचे आणि फक्त .००१ उघडायचा. त्याच्याकडे ७-झिप हवं. विंडोजच्या नुसत्या डबल क्लिकनं हे तुकडे जोडले जात नाहीत. एक तुकडा जरी राहिला तरी पुढचं सगळं अडतं.

पेन ड्राइव्हवर जागा असूनही मोठी फाइल जात नसेल, तर तो बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे. त्यावर ४ जीबीची एक फाइल मावत नाही. 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स'च्या यादीतला '४०९२एम – फॅट' हा पर्याय त्यासाठीच आहे.

पासवर्ड

झिपला पासवर्ड देताना 'झिपक्रिप्टो' ही कुलूप लावायची पद्धत आपोआप निवडलेली असते. ती कच्ची आहे. आधार, पॅन, बँक स्टेटमेंट असेल तर 'एईएस-२५६' निवडा. फक्त विंडोजच्या डबल क्लिकनं अशी झिप बऱ्याचदा उघडत नाही, हे समोरच्याला आधी सांगा. झिपमध्ये फाइलींची नावं पासवर्डशिवायही दिसतात. ती लपवायची तर ७झेड घ्या आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा. पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये लिहू नका. विसरलात तर 'फर्गॉट पासवर्ड' नावाचं बटण इथं नाही.

उघडताना

'एक्स्ट्रॅक्ट हिअर' दाबलं की आतल्या फाइली डेस्कटॉपभर सांडतात. त्याच्या जवळचा 'एक्स्ट्रॅक्ट टू' आणि पुढं फोल्डरचं नाव, हा पर्याय घ्या. न काढता आतलीच एक्सेल उघडून बदल करणं तर टाळाच: ती तात्पुरती प्रत असते, आणि ७-झिपची खिडकी आधी बंद झाली तर बदल आर्काइव्हमध्ये जातच नाहीत.

'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा' म्हणजे डाउनलोड अर्धवट झालं, पुन्हा उतरवा. 'सीआरसी फेल्ड' म्हणजे फाइल वाटेत किंवा पेन ड्राइव्हवर खराब झाली. झिप करताना लाइट गेली तर नावाच्या शेवटी .टीएमपी असलेली फाइल उरते. ती उडवा आणि नव्यानं सुरुवात करा. मूळ फोल्डर डिलीट करण्याआधी राइट क्लिक, ७-झिप, 'टेस्ट आर्काइव्ह' करून 'नो एरर्स' दिसल्याची खात्री करा.

७-झिप स्वतःहून अपडेट होत नाही. हेल्प, अबाउटमध्ये आवृत्ती बघा. २४.०९ च्या आधीची असेल तर आजच बदला: इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज जी सावधगिरीची खूण लावतं, ती त्या आवृत्त्यांत झिपच्या आतल्या झिपमधल्या फाइलींना लागत नव्हती. जुनी काढायची गरज नाही, नवी वरूनच टाका.