शेततळ्यातला एरेटर दुपारी नको, पहाटे चालवा
सिन्नर-निफाडकडे शेततळ्यात मासे सोडणारे बरेच जण एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, भरदुपारी लावतात. वीज फुकट जाते! उन्हात पाण्यातलं शेवाळ स्वतःच ऑक्सिजन सोडतं. पाण्यात तो जास्त झाला असेल तर एरेटर उलट तो हवेत उडवतो. खरी टंचाई रात्री. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, आणि कमी असतो तेव्हाच झपाट्याने विरघळतो. म्हणून मध्यरात्रीनंतर ऊन येईपर्यंत यंत्र चालवा. लाइटचा भरवसा नसेल तर जनरेटर हवाच. 30 अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम 7.5 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जरा लवकरच सुरू करा. पॅडलव्हीलची (चाकासारखा फिरून पाणी उडवणारा एरेटर) पाती साधारण 10 सेंटिमीटर बुडू द्या. जास्त बुडाली की मोटर तापते.