गोव्यात बालवाडी काढताय? जागा नंतर बघा, आधी माणसं ठरवा

फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या बऱ्याच जणी हल्ली विचारतात, घरची जागा आहे, बालवाडी काढू का. माझं उत्तर एकच, जागेचं नंतर बघू, आधी ती चालवणार कोण ते सांगा. तीन वर्षांचं पोर आईचा हात सोडतं ते दारात उभ्या असलेल्या बाईंकडे बघून, आणि त्या बाई वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या की अर्धा वर्ग परत पहिल्या दिवसासारखा रडायला लागतो.

म्हणून आधी स्वतःला विचारा, काढणारी आणि चालवणारी एकच असणार का? भाडं, फी, पालक, पंचायत बघता बघता रोज सकाळचे तीन तास पोरांबरोबर जमिनीवर बसायला जमणार नसेल तर मुख्य बाई वेगळ्या नेमा, आणि पगार, सुट्ट्या, वर्गातला शेवटचा शब्द कुणाचा हे सगळं कागदावर लिहा. आपण मैत्रिणी, कागद कशाला, असं म्हणू नका प्लीज, मैत्री टिकवायची असेल तर कागद हवाच.

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांचं काम या नजरेने बघा. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, वस्तीतली मुलं येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी ही कल्पना तिथली. पण मला जास्त मोठं वाटतं ते हे की बोर्डीपासूनच अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे काम जवळच्याच कोसबाडला गेलं, १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तरी काम थांबलं नाही, कारण अनुताई तोवर त्यात पूर्ण मुरलेल्या होत्या. तुमची बालवाडी लहान असली तरी दुसरी बाई पहिल्या वर्षापासून तयार करा, तिला पालकसभेत बोलू द्या, हिशोबही दाखवा.

बाई निवडताना नुसता इंटरव्ह्यू घेऊन भागत नाही. कोर्सचं सर्टिफिकेट बघाच, पण दोन-चार सकाळी मुलांबरोबर बसवा. पाणी सांडलं की आधी ओरडते की फडकं देते, रडणाऱ्या पोराजवळ खाली बसते की उभ्यानेच गप्प हो म्हणते, तेवढ्यात कळतं. आणि गोव्यात एक गोष्ट नक्की बघा, कोंकणी यायला हवी. बालवाडी मराठी असली तरी पोर घरी कोंकणी बोलतं, शी-शू लागली, पोटात दुखतंय, हे ते घरच्याच भाषेत सांगणार. त्याला तिथे दुरुस्त करायचं नाही, आधी उचलायचं.

किती मुलं घ्यायची हाही चालवणाऱ्यांचाच निर्णय. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीस मुलांना पस्तीस चौरस मीटरची खोली असं म्हटलंय. मी तर म्हणते वीसलाही मदतनीस ताई हवीच. जुनं घर असेल तर बांयवर, म्हणजे विहिरीवर, लोखंडी जाळी पहिल्या दिवसाआधी बसवा, पावसाळ्यात अंगण बंद असतं म्हणून बल्कांव, म्हणजे दारासमोरचा छपराखालचा ओटा, खेळायला मोकळं ठेवा.

आता सगळ्यात कठीण, पालक. 'अजून एबीसी लिहीत नाही' हे ऑगस्टपासून ऐकू येईल. तेव्हा मुख्य बाई डळमळली तर संपलंच, पुढच्या आठवड्यात वह्या येतात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, २०२२ च्या पायाभूत स्तराच्या, म्हणजे तीन ते आठ वयाच्या, अभ्यासक्रम आराखड्यातही खेळातून शिकण्यावरच भर आहे, गोव्यात २०२३-२४ मध्ये या धोरणाची सुरुवात याच स्तरापासून झाली, हे पालकांना ॲडमिशनच्या वेळीच शांतपणे सांगा. त्यांना वर्गात एक सकाळ बसवलं तर अजून बरं, मणी ओवताना बोटं कशी तयार होतात ते डोळ्यांनी दिसतं.

बाकी कामं पटापट: भागशिक्षणाधिकारी कार्यालयात आणि पंचायतीत परवानग्यांची आधी चौकशी, प्रत्येक कर्मचाऱ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन, गाडीवाल्याचंही, आणि बाईंचे निदान सहा महिन्यांचे पगार बाजूला, रंगीत खुर्च्या त्यानंतर. जूनला उघडायची असेल तर मुख्य बाई जानेवारीपर्यंत ठरलेल्या हव्यात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये त्या एकेका मुलाच्या घरी जाऊन ओळख करून येतील.