राष्ट्रीय फुटबॉल टीमचा कोच कसा जोखायचा, आणि तो टिकेल का हे कसं ओळखायचं

भारत हरला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे चहाच्या टपरीपासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत एकच ऐकू येतं, ‘कोच बदला.’ जिंकला तर तोच कोच देवमाणूस. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, रविवारी बेळगावात लेले मैदानावर मुलींचा सराव घेते, आणि या दोन्ही गोष्टी ऐकल्या की मला मनापासून वाईट वाटतं. कोचच्या हातात काय होतं आणि आधीपासून काय येऊन पडलं होतं, याचा हिशेब वेगळा करता आला पाहिजे. तो कसा करायचा हे मी माझ्या मुलींना शिकवते. तेच इथे लिहिते.

सगळ्यात आधी एक वही करा. मोबाइलवर नको, कागदाचीच, म्हणजे मॅच चालू असताना नजर पडद्यातून सुटणार नाही. पान आडवं धरून चार रकाने आखा. पहिल्यात अकरा नावं आणि खाली बाकावरची. दुसऱ्यात मिनिट: गोल, कार्ड, दुखापत. तिसऱ्यात त्यानंतरच्या पाच मिनिटांत कोचनं काय केलं. खेळाडू बदलला, कुणाला बाजूला बोलावून सांगितलं, की नुसताच हात कमरेवर ठेवून उभा राहिला? चौथा रकाना निकालाचा, तो सगळ्यात शेवटी भरायचा. मैदानावर जाऊन मॅच बघत असाल तर डगआउट, म्हणजे कोच आणि राखीव खेळाडू बसतात ती जागा, दिसेल असं बसा आणि अधूनमधून चेंडू सोडून कोचकडेच बघा. टीव्हीवर हे दिसत नाही, म्हणून एखादी तरी मॅच प्रत्यक्ष बघायला हवी. आम्हाला गोव्यात मडगावचं फातोर्डा स्टेडियम त्या मानानं जवळ. खानापूर, लोंढा, रामनगर करत अनमोड घाट उतरला की मडगाव गाठता येतं.

एक भरलेलं पान दाखवते. १४ ऑक्टोबर २०२५, फातोर्डा, २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी, भारत विरुद्ध सिंगापूर. दुसऱ्या रकान्यात तीन ओळी आहेत: १४ व्या मिनिटाला आपला छांगटे, ४४ व्या मिनिटाला सिंगापूरचा सोंग उई-यंग, ५८ व्या मिनिटाला पुन्हा सोंग उई-यंग. भारत १-२ नं हरला आणि आशियाई चषकाची दारं बंद झाली. स्टेडियममधून बाहेर पडताना आजूबाजूला कोच खालिद जमीलच्या नावानं काय काय चाललं होतं ते लिहिण्यासारखं नाही.

आता हेच पान नीट वाचा. हाफटाइमला मिनिटभर उरलेलं असताना बरोबरी झाली. त्यानंतरची ड्रेसिंग रूममधली पंधरा मिनिटं पूर्णपणे कोचची. पुन्हा खेळ सुरू झाल्यावर तेराव्या मिनिटाला दुसरा गोल बसला, म्हणजे त्या पंधरा मिनिटांबद्दल कोचला प्रश्न विचारलाच पाहिजे. तो त्याच्या खात्यावर. पण बचावाचा कणा असलेला संदेश झिंगन त्या दिवशी नव्हता, कारण पाच दिवस आधी सिंगापूरला झालेल्या मॅचमध्ये त्याला लाल कार्ड मिळालं होतं. तिथे दहा जणांनिशी खेळून रहीम अलीनं ९० व्या मिनिटाला १-१ अशी बरोबरी करून दिली, हेही खालिदच्याच खात्यावर, जमेच्या बाजूला. आणि या गटातल्या पहिल्या दोन मॅच त्यानं खेळवल्याच नव्हत्या. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-० आणि जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१ हे दोन्ही निकाल आधीचे कोच मानोलो मार्केझ यांच्या काळातले. खालिद आला ऑगस्टमध्ये. दोन मॅचमधला एकच गुण त्याच्या ओंजळीत आयता पडला होता. तरीही नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून झालेला ०-१ पराभव त्याचाच आहे, तो दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही.

हिशेब असा वाटून घेतला की कोचची बाजू घेतली असं होत नाही, आणि त्याला झोडपलं असंही होत नाही.

यानंतर बघायचं ते हे, की हाताशी आहे तेवढ्यात कोच काय उभं करतो. क्लबच्या कोचला रोज खेळाडू मिळतात. राष्ट्रीय कोचला ते फिफानं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेनं, देशांच्या मॅचसाठी राखून ठेवलेल्या ‘खिडकी’पुरते मिळतात, थोडे दिवस, आणि तेही क्लबनं सोडले तर. आमच्याकडे तालुक्याची निवड टीम जिल्ह्याच्या स्पर्धेला जाते तेव्हा नेमकं असंच होतं. वेगवेगळ्या शाळांच्या मुली, प्रत्येकीला आपल्या सरांची सवय, आणि एकत्र सराव होईतो स्पर्धा दारात. म्हणून खालिदची ताजिकिस्तानातली पहिली स्पर्धा, मध्य आशियाई देशांचा काफा नेशन्स कप, मी फार लक्ष देऊन बघितली. ती फिफाच्या खिडकीत पूर्ण बसत नव्हती, मोहन बागान क्लबनं खेळाडू सोडले नव्हते, अनुभवी सुनील छेत्रीला त्यानं बोलावलं नव्हतं. यजमान ताजिकिस्तानला २-१ हरवलं, इराणकडून ०-३ मार खाल्ला, अफगाणिस्तानशी ०-० झालं आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर घेतला. मोठा चमत्कार नव्हे, पण नवख्या टीमनं इराणकडून तीन गोल खाल्ल्यावर मान टाकली नाही. माणूस पत्रकारांसमोर मोजकंच बोलतो, त्यामुळे त्याला वाचायचं तर असल्या मॅचमधूनच वाचावं लागतं.

नेतृत्व म्हणजे काय हे एकाच उदाहरणातून शिकायचं असेल तर सय्यद अब्दुल रहीम यांचं घ्या. हैदराबादचे, पेशानं शिक्षक. १९५० पासून भारताचे कोच. १९५१ ला दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर. मी मुलींना सांगते ती १९६२ ची जकार्ताची आशियाई क्रीडा स्पर्धा. पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेल हा बॅक, म्हणजे बचावपटू, आणि तोही असातसा नव्हे, आशियातल्या सर्वोत्तमांपैकी. दुसरा कोच असता तर त्याला बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला पुढे, सेंटर फॉरवर्डला आणलं. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोल केला, भारत ३-२ नं जिंकला. ४ सप्टेंबरला फायनल, समोर पुन्हा तेच कोरिया, प्रेक्षक सगळे विरुद्ध. पी. के. बॅनर्जींचा एक गोल, जर्नेलचा एक, भारत २-१. त्या वेळी रहीमसाहेबांच्या अंगात कॅन्सर होता. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, ते गेले.

यात बघण्यासारखी गोष्ट धाडसाच्याही पलीकडे आहे. जखमी बॅक पुढे खेळवायचा तर कोचला तो खेळाडू अंतर्बाह्य माहीत लागतो, आणि खेळाडूनं ‘का?’ न विचारता जावं एवढा विश्वास आधी कमावलेला लागतो. वहीच्या तिसऱ्या रकान्यात अशी नोंद क्वचितच येते. आली की तिच्याखाली रेघ मारा.

कोच मैदानावर नसताना टीम कशी खेळते, यावरही माझं बारीक लक्ष असतं. २०२३ ची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची, स्पर्धा बेंगळुरूला कांतीरवा स्टेडियमवर झाली. आमच्या भागातून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रीत पोचता येतं, सकाळी उतरलं की दिवस हातात. तेव्हा कोच होते इगॉर श्टिमाट्स, १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे खेळाडू. पाकिस्तानविरुद्ध भारत आरामात पुढे असताना थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूच्या हातातला चेंडू त्यांनी उडवला आणि लाल कार्ड घेतलं. पुढे कुवेतविरुद्ध पुन्हा लाल कार्ड. त्यामुळे लेबनॉनविरुद्धची सेमीफायनल आणि कुवेतविरुद्धची फायनल गोव्याच्या महेश गवळीनं, त्यांच्या सहाय्यकानं, सांभाळली. दोन्ही पेनल्टीवर जिंकल्या, कप आपला. कुणी म्हणतं श्टिमाट्स अंगार होता म्हणून टीम पेटली, कुणी म्हणतं त्याच्याशिवायच जिंकली. माझं मत सांगते. टीम त्याच्याशिवाय उभी राहिली हे त्याच्या कामाचं प्रमाणपत्र आहे, आणि त्याला बाहेर बसावं लागलं हा त्याच्या स्वभावाचा दोष आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. मुलींसमोर रेफ्रीवर धावून जाणारा कोच मी खपवून घेणार नाही, तो कितीही मोठा खेळाडू असला तरी.

आता टिकण्याबद्दल. कोच किती दिवस राहील याचा अंदाज बांधताना करारावरची तारीख फारशी कामाला येत नाही. श्टिमाट्सचा करार २०२६ पर्यंत वाढवलेला होता. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया अशा तिन्ही मॅच हरलो, एकही गोल नाही. जूनमध्ये कतारकडून १-२ हरलो, त्यातला कतारचा बरोबरीचा गोल चेंडू रेषेबाहेर गेल्यावर झालेला. विश्वचषकाच्या पुढच्या फेरीची आशा संपली आणि आठवड्याभरात त्यांना काढलं. तेव्हा तारखेपेक्षा कॅलेंडर बघा. पात्रता फेरीची शेवटची मॅच कधी आहे, तिथे कोचची खरी परीक्षा. दुसरं बघायचं ते महासंघाकडे पैसा आणि पर्याय काय आहेत. मार्केझना नेमलं तेव्हा ते एफसी गोवाचेही कोच होते, आणि तो सीझन त्यांनी दोन्ही घरं सांभाळली. गोव्याची टीम उत्तम खेळत होती, भारताला आठ मॅचमध्ये एकच विजय मिळाला, मालदीववर. एक वर्षात संपलं. दोन नोकऱ्या करणारा राष्ट्रीय कोच मला तेव्हाही पटला नव्हता. मे २०२५ मध्ये सुपर कपच्या फायनलला त्याच मार्केझच्या गोव्यानं खालिदच्या जमशेदपूरला ३-० नं हरवलं, आणि तीनच महिन्यांत खालिद मार्केझच्या खुर्चीत बसला. सावियो मेदेरांनंतर तब्बल तेरा वर्षांनी या खुर्चीत भारतीय माणूस आला. आणि तो आला कारण २०१६-१७ ला त्यानं आयझॉलसारख्या छोट्या टीमला आय-लीग जिंकून दिली होती, नंतरही वर्षानुवर्षं कमी बजेटच्या टीम वर आणल्या होत्या. राष्ट्रीय कोचच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज त्याच्या आधीच्या कामावरून जास्त बरोबर येतो.

पद गेलं म्हणजे सगळं संपलं असंही समजू नका. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी २०१५ ते २०१९ या दुसऱ्या खेपेत भारताला फिफा क्रमवारीत १७३ व्या क्रमांकावरून शंभराच्या आत आणलं. २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ हरवलं, मग बहरीनला अगदी शेवटी पेनल्टीवर गोल मिळाला, टीम बाहेर पडली आणि त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला. पुढे ते ईस्ट बंगालचे कोच झाले, नंतर पाकिस्तानचे, आणि २०२३ मध्ये कंबोडियाला हरवून पाकिस्तानला विश्वचषक पात्रतेतला पहिला विजय मिळवून दिला.

माझ्या मुलींसाठी मात्र खरी तारीख ५ जुलै २०२५. क्रिस्पिन छेत्रींच्या टीमनं थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि भारतीय महिला २०२६ च्या आशियाई चषकाला पात्र ठरल्या. त्यांचंही पान भरायला घ्या. पुरुषांच्या मॅचइतकंच काळजीपूर्वक.

पालक विचारतात, ‘मॅडम, पोरगी म्हणते कोच व्हायचं, यात काही आहे का?’ आहे. वाट अशी: आधी डी लायसन्स, मग एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डीच्या कोर्सची चौकशी राज्य फुटबॉल संघटनेकडे करायची, आपल्यासाठी ती बेंगळुरूला. आपल्या सीमाभागातल्या मुलींजवळ एक भांडवल आहे ते पालकांना दिसतच नाही. घरात मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड, टीव्हीवर हिंदी, गोव्यात मावशी असेल तर कोंकणीही. राष्ट्रीय टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये मिझो, मणिपुरी, पंजाबी, गोंयकार, बंगाली मुलं शेजारीशेजारी बसतात. समोरच्याला आपलं कळलं की नाही हे चेहऱ्यावरून ओळखून दुसऱ्या भाषेत पुन्हा सांगायची सवय आमच्या मुलींना चौथी-पाचवीतच लागलेली असते. सरावाला एखादी नवी कन्नड शाळेतली मुलगी आली की ‘बॅक’नं कुठे सरकायचं हे मी मुद्दाम दुसऱ्या मुलीकडून तिला समजावून घेते, आणि मी लांब उभी राहते.

तेव्हा पुढच्या मॅचला अकरा नावं जाहीर झाली की लगेच पान आखा. मॅच संपल्यावर अर्धा तास जाऊ द्या, टपरीवर जाऊ नका, फोन बाजूला ठेवा, आणि आधी तिसरा रकाना पूर्ण करा. घरात मुलगी बरोबर बघत असेल तर तिची वही वेगळी हवी. दोघांची पानं नंतर शेजारी ठेवून बघा, आणि जिथे नोंद जुळत नाही तिथली पाच मिनिटं रेकॉर्डिंगवर पुन्हा लावा.