ऑर्ग-मोडमध्ये हेडिंगं मिटवताना या चुका टाळा

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधल्या ऑर्ग-मोडवर (हेडिंगं, कामं, तारखा साध्या मजकुरात ठेवायची सोय) कामांचं नियोजन करणारे नवे लोक अडकतात ते बहुतेक एकाच जागी. मजकूर नुसता मिटलेला, म्हणजे घडी घालून हेडिंगमागे ठेवलेला असतो आणि त्यांना वाटतं तो गेला. किंवा तो खरंच गेलेला असतो आणि त्यांना वाटतं कुठेतरी मिटलेला असेल. दुसरा प्रकार फार महागात पडतो, म्हणून आधी तोच.

टिंबं न बघता हेडिंग उडवणं

मिटलेल्या हेडिंगच्या शेवटी तीन टिंबं दिसतात. टिंबं दिसली की खाली मजकूर आहे, हे पक्कं. अशा हेडिंगच्या सुरुवातीला कर्सर ठेवून कंट्रोल-के दाबलं, की दिसणाऱ्या ओळीबरोबर टिंबांमागचं सगळं जातं: पोटहेडिंगं, तारखा, नोंदी, सगळं.

माझ्या एका सहकाऱ्याने मोठ्या कामाची आखणी अशाच फाईलमध्ये ठेवली होती. एकदा घाईघाईत तो फाईल आवरायला बसला. शिफ्ट-टॅबने सगळं मिटवलं आणि जुनी वाटणारी हेडिंगं कंट्रोल-केने उडवत सुटला. त्यात 'इतर' नावाचं एक हेडिंग होतं. पुरवठादारांशी ठरलेल्या सगळ्या तारखा नेमक्या त्याच्याच पोटात. फाईल सेव्ह केली, इमॅक्स बंद केलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी अजेंड्यात, म्हणजे ऑर्ग तारखांवरून बनवतो त्या कामांच्या यादीत, ती कामं दिसेनात, तर सकाळभर तो अजेंड्याच्या सेटिंगमध्ये दोष शोधत राहिला. मूळ फाईल उघडून बघावी, हे कुणाला सुचलंच नाही.

वाचवलं ते नावाच्या शेवटी टिल्डचं चिन्ह (~) असलेल्या प्रतीने. फाईल उघडल्यावर पहिल्यांदा सेव्ह करताना इमॅक्स आधीची प्रत त्या नावाने ठेवतो. तारखा परत मिळाल्या, पण त्या दिवशी नव्याने लिहिलेलं सगळं हाताने जुळवावं लागलं. फाईल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) असेल तर मूळ सेटिंगनुसार ही प्रतही बनत नाही. तिथे तुमचा शेवटचा कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेली शेवटची प्रत, हाच आधार.

यावर दोन सेटिंग पहिल्याच दिवशी लावा. 'ऑर्ग-कंट्रोल-के-प्रोटेक्ट-सबट्री' (खऱ्या नावात कंट्रोलची फक्त सी-टी-आर-एल ही चार अक्षरं आहेत) याला 'एरर' ही किंमत द्या, म्हणजे मिटलेल्या हेडिंगवर कंट्रोल-के चालणारच नाही. 'ऑर्ग-फोल्ड-कॅच-इनव्हिजिबल-एडिट्स' याला 'शो-अँड-एरर' द्या, म्हणजे न दिसणाऱ्या मजकुरात बदल होऊ लागला की तो मजकूर उघडतो आणि बदल थांबतो. ऑर्गची आवृत्ती ९.६च्या आधीची असेल तर या नावात 'फोल्ड' नाही. माझी स्वतःची सवय याहून कडक आहे: नियोजनाच्या फाईलमधून मी काही पुसतच नाही. नको झालेलं हेडिंग कंट्रोल-सी आणि मग डॉलर दाबून आर्काइव्हच्या, म्हणजे जुन्या नोंदी साठवायच्या वेगळ्या फाईलमध्ये पाठवते. त्याला एक सेकंद जास्त लागतो, आणि तो द्यावा.

काल मिटवलं होतं, आज सगळं उघडं कसं?

ऑर्गची फाईल म्हणजे साधा मजकूर. कुठलं हेडिंग मिटलेलं होतं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. फाईल बंद केली की ती मांडणी संपली. ९.४ आवृत्तीपासून तर काहीच न सांगितल्यास फाईल पूर्ण उघडी येते.

पूर्ण फाईलसाठी वरच्या बाजूला स्टार्टअपची ओळ ('#+STARTUP:' आणि पुढे खालचा एक शब्द) लिहा. 'ओव्हरव्ह्यू'ने फक्त वरची हेडिंगं दिसतात, 'कंटेंट'ने सगळी हेडिंगं, आणि 'शोऑल'ने मजकूरही, पण ड्रॉवर (हेडिंगखाली जास्तीची माहिती ठेवायचे कप्पे) मिटलेलेच. ड्रॉवरही उघडे हवेत तर 'शोएव्हरीथिंग'. एखाद्याच हेडिंगसाठी वेगळं हवं असेल तर त्याला 'व्हिजिबिलिटी' ही प्रॉपर्टी (ड्रॉवरमध्ये लिहायची त्या हेडिंगपुरती सूचना) द्या: 'फोल्डेड', 'चिल्ड्रन', 'कंटेंट' किंवा 'ऑल'.

इथे लोक घाई करतात. प्रॉपर्टीचा ड्रॉवर हेडिंगच्या लगेच खाली लागतो. डेडलाइन किंवा शेड्यूलची ओळ असेल तर तिच्या लगेच खाली. चार ओळी मजकूर लिहून मग ड्रॉवर टाकला तर ऑर्ग त्याला प्रॉपर्टी मानतच नाही. शिवाय स्टार्टअपची ओळ बदलून कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबलं की सेटिंग वाचलं जातं, पण समोरची मांडणी तशीच राहते. ती बदलायला कंट्रोल-यू दोनदा आणि मग टॅब. हे न करता 'चालत नाही' म्हणणारे आणि मग कुणाची तरी पानभर कॉन्फिग आंधळेपणाने चिकटवणारे मला रोज दिसतात. कृपा करून तसं करू नका. आधी टॅब आणि शिफ्ट-टॅब नेमकं काय करतात ते रिकाम्या फाईलवर करून बघा. बाकीचं मग सोपं जातं.

मिटवलं म्हणजे लपलं?

नाही. मिटवलेल्या खाजगी नोंदींसकट फाईल पाठवली तर समोरच्याला सगळं वाचता येतं. एक्सपोर्टमध्येही (पीडीएफ, वेबपान वगैरे बनवताना) मिटलेलं सगळं येतं. नको असेल त्या हेडिंगला 'नोएक्सपोर्ट' टॅग द्या. फाईलच पाठवायची असेल तर ते हेडिंग आधी दुसऱ्या फाईलमध्ये हलवा.

बाकीच्या, थोडक्यात

फाईलमध्ये एकच हेडिंग उरलंय? खालच्या पट्टीत 'नॅरो' लिहिलंय का बघा, म्हणजे फक्त तेवढाच भाग दाखवला जातोय. कंट्रोल-एक्स, एन, डब्ल्यू दाबा. सेव्ह केलं असलं तरी घाबरू नका, पूर्ण फाईल सेव्ह होते.

मिटलेल्या हेडिंगची पातळी ऑल्ट आणि डाव्या बाणाने बदलताना ऑर्ग अडवतो, कारण त्याने एकटं हेडिंग हलतं, पोटहेडिंगं जागेवर राहतात. टॅबने उघडा, किंवा शिफ्टही दाबून पूर्ण शाखा हलवा. ही अडवणूक बंद करायचा उपाय शोधू नका.

शोधलेल्या जागी पोचलात पण वरची हेडिंगं दिसत नाहीत, तर कंट्रोल-सी कंट्रोल-आर.

आणि एखादं हेडिंग कितीही टॅब दाबला तरी उघडतच नसेल, तर त्याला 'आर्काइव्ह' टॅग लागलाय का ते बघा. असं हेडिंग मुद्दाम मिटलेलं राहतं. तात्पुरतं उघडायला कंट्रोल-सी आणि मग कंट्रोल-टॅब, कायमचं उघडायला टॅग काढा.