आजोबांची दुनळी, नवं काडतूस: या चुका टाळा

निजामाच्या काळातल्या विलायती दुनळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका, मराठवाड्यातल्या कितीतरी वाड्यांत अजून परवान्यावर आहेत. परवाना वारसाच्या नावावर होतो, पिकात रानडुकरं घुसतात, मग दुकानातून नवी काडतुसं येतात. (बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते.)

सगळ्यात फसवी चूक लांबीची. जुन्या बाराबोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप) चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर. आजचं काडतूस बहुतेक ७० चं, तरी ते आत सहज बसतं. कारण खोक्यावर लिहिलेली लांबी बार उडून तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. दुमडलेलं असताना ते ६० च्या आसपासच भरतं. बार उडाला की दुमड उलगडते, पण नळी तिथे निमुळती होत असते. छर्‍यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. पहिल्या बाराला काही होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. बसलं म्हणजे चाललं, हे इथे साफ खोटं आहे.

नळ्या उतरवून बुडाच्या सपाट भागावरचे शिक्के भिंगातून वाचा. ‘नायट्रो प्रूफ’ किंवा ‘एनपी’ (आजच्या बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याची खूण) दिसत नसेल आणि नळीवर लहरींची नक्षी असेल, तर ती काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या धुराच्या दारूच्या जमान्यातली धरा. परवानाधारक कारागिराने तपासेपर्यंत तिच्यात आजचं काडतूस घालूच नका.

घरात वीस बोअरची बंदूकही असेल तर काडतुसं एका पिशवीत ठेवू नका. वीसचं काडतूस बारापेक्षा बारीक, ते बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून नळी रिकामी वाटते. त्यामागे बाराचं भरून चाप ओढला की नळी फुटते, तीही पुढच्या हाताच्या पंजापाशी.

निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की उजेडाकडे धरून नळ्या पाहा. कुंभारीण माशीचं मातीचं घर एवढासा अडथळाही पुरतो. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर तोंड मोकळ्या दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा.

रिकाम्या काडतुसांत घरी दारू-छर्रे भरू नका. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार त्याला वेगळा परवाना लागतो, आणि दारूचं माप चुकलं तर जुनी नळी ते सोसत नाही. ट्रंकेतली हिरवट पितळेची, ओलीने फुगलेली कागदी काडतुसं विहिरीत किंवा चुलीत टाकू नका. ठाण्यात कळवून जमा करा.