ज्येष्ठांचा छळ रोखण्यासाठी वस्ती आणि सरकारी यंत्रणा यांची सांगड कशी घालावी

घरातल्या वृद्ध व्यक्तीचा छळ होत असल्याची कुणकुण बहुधा शेजाऱ्यांना, बँकेतल्या कर्मचाऱ्याला किंवा जखमेची पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेला आधी लागते; हस्तक्षेपाचा अधिकार मात्र पोलीस, समाजकल्याण विभाग आणि न्यायालय यांच्याकडे असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठी ओलांडलेल्या दर 6 व्यक्तींपैकी सुमारे एकीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ सोसावा लागतो आणि अशा 24 प्रकरणांपैकी जेमतेम एकाची नोंद होते. ही दरी बुजवायची असेल, तर एखादे प्रकरण पुढे येण्याआधीच सर्वांनी एकत्र बसून कामाची पद्धत ठरवली पाहिजे.

पहिल्या बैठकीला पोलीस, रुग्णालय, समाजकल्याण विभाग, मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था आणि बँक यांच्याबरोबर ज्येष्ठ नागरिकांचे प्रतिनिधीही असावेत. छळ म्हणजे मारहाण, ही समजूत तेथेच दूर करावी. मानसिक व लैंगिक छळ, पैशांची लुबाडणूक आणि औषधपाण्याकडे केलेले दुर्लक्षही त्यातच मोडते. त्यानंतर तक्रार कोणी कोणाला कळवायची, किती तासांत घरी भेट द्यायची आणि कोणती माहिती कोणाला द्यायची, हे लेखी ठरवावे. प्रत्येक प्रकरणाची जबाबदारी एकाच समन्वयकाकडे द्यावी, नाही तर वृद्ध व्यक्तीला तीच व्यथा चार कार्यालयांत चार वेळा सांगावी लागते आणि दुसऱ्या खेपेनंतर ती बोलणेच सोडून देते. जिवाला धोका असेल, तेव्हा मात्र बैठकीची वाट न पाहता थेट पोलिसांना कळवावे.

प्रशिक्षणात नेमके काय पाहायचे, ते दाखवावे. समजा, एक आजोबा पुतण्याबरोबर बँकेत आले आहेत. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पुतण्याच देतो, पैसे काढण्याच्या पावतीवर सही करताना आजोबा आधी त्याच्या तोंडाकडे पाहतात आणि त्यांच्या चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने बांधलेली आहे. यातून काहीही सिद्ध होत नाही. पण सही पडताळण्याच्या निमित्ताने आजोबांना आत बोलावून, पुतण्याला बाहेर थांबवून, ‘हे पैसे तुम्हालाच काढायचे आहेत ना?’ एवढे शांतपणे विचारायला हवे. एकांतात विचारलेला एक साधा प्रश्न हाच या कामाचा पाया आहे, असे मी मानतो. वृद्धाश्रमांच्या पाहणीतही रहिवाशांशी असेच एकट्याने बोलावे.

समंजस, सज्ञान व्यक्तीच्या वतीने परस्पर निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. माहिती इतर यंत्रणांना देण्याआधी तिची संमती घ्यावी. जिवाला धोका असेल किंवा निर्णय घेण्याची क्षमता उरली नसेल, तेव्हा कायद्याने दिलेल्या मर्यादेतच त्याला अपवाद करावा. अनेकांना शिक्षेपेक्षा छळ थांबायला हवा असतो, कारण छळ करणारा पोटचा मुलगाच असतो. पुष्कळदा तोच त्यांच्या पैशांवर किंवा घरावर अवलंबून असतो. अशा वेळी त्याच्या व्यसनावर उपचार किंवा त्याच्या राहण्याची वेगळी सोय यांचा उपयोग नुसत्या दटावणीपेक्षा जास्त होतो. रात्रंदिवस सेवा करून थकलेल्या सुनेला आठवड्यातून काही तास बदली माणूस मिळवून देणे, हेही प्रतिबंधाचेच काम आहे. तरीही गंभीर मारहाणीत समेटाची घाई करू नये. सुरक्षित निवारा आधी शोधावा.

दरमहा सर्व यंत्रणांनी उघडी प्रकरणे एकत्र तपासावीत. तक्रार झाल्याचे घरात कळले की राग त्या वृद्ध व्यक्तीवरच निघण्याची भीती असते, म्हणून पुढची भेट कोण, कधी आणि कोणत्या निमित्ताने देणार, हे पहिल्या भेटीच्या दिवशीच नोंदवून ठेवावे. आणि समन्वयकाने त्या व्यक्तीला स्वतः, एकटीला भेटल्याशिवाय कोणतेही प्रकरण बंद करू नये.